मीटर

फरांदे सरांची डुक्कर फियाट,
अठ्ठावन्न सालची, पुढची दारं उलटी उघडणारी,
पाचगणीच्या एका शाळेमागं सापडली तेव्हा
तीत कोंबड्या राहत होत्या.
मागच्या सीटखाली मला एक अंडं मिळालं,
वाळून हलकं झालेलं.
सर चित्रकलेचे. उजेडात धरून म्हणाले,
यासीन, रंग हाच द्यायचा.

तीन वर्षं गेली.
क्लचप्लेट कोल्हापूरच्या भंगारातली,
हेडलाइटची काच कऱ्हाडच्या एका बँडवाल्याकडची,
आणि एक स्प्रिंग मी जुन्या कुलपातनं काढून बसवली,
ती कुठली, हे सरांना अजून सांगितलेलं नाही.

मग एका सकाळी सरांची थोरली बहीण, विमलअक्का,
गॅरेजात स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर,
आणि म्हणाल्या, आम्ही भूतानला चाललोय. हिला घेऊन.
आठ दिवस.

गोडोलीत चहा निवायच्या आत सगळ्यांना कळलं.
पंक्चरवाला शिर्के म्हणाला,
भूतान म्हणजे काय परदेश? मतदान कार्डावर जाता येतं!
अक्का म्हणाल्या, मग तुम्ही कधी जाऊन आलात?
शिर्के ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडे बघत राहिला.

यवतेश्वरच्या घाटात मी तिला सात वेळा चढवली.
चौथ्या वळणाला पंप तापायचा,
पेट्रोलची वाफ व्हायची, ती उभी राहायची.
पंपावर ओलं फडकं ठेवून मी कठड्यावर बसायचो,
खाली सातारा, समोर अजिंक्यतारा,
आणि येणारा-जाणारा विचारायचा, ढकलू का?
सातव्या खेपेला न थांबता वर गेली.
मी एकटाच मोठ्यानं हसलो.

सिलिगुडीपर्यंत ट्रकवर. पुढं स्वतःच्या पायांवर.

पाच दिवस फोन नाही.
सहाव्या दुपारी सर: यासीन, चेले ला खिंड,
तेरा हजार फूट, अडखळते आहे, धूर काळा.
मी म्हटलं, फोन बॉनेटमध्ये धरा.
कॉम्प्रेसर बंद केला. पोराला हातानंच गप्प बसवलं.
तीच. चारही सिलिंडर जिवंत,
फक्त दम लागलेला.
पण मागं काहीतरी फडफडत होतं, सारखं,
फॅनबेल्ट गेला वाटून माझ्या पोटात गोळा आला.
अक्का मधेच म्हणाल्या, अरे, ती निशाणं आहेत,
दोऱ्यांवर बांधलेली. शेकड्यांनी.
बरं. स्क्रू दिसतोय? बारका, पितळी?
उजवीकडं. पाव आटा. बास.
सरांचा हात चित्राचा,
पाव म्हणजे पावच फिरला असणार.
आवाज गोल झाला.

नंतर कुणी काही बोललं नाही.
फोन तसाच धरलेला,
आणि मी गोडोलीत, हातात दहा-अकराचा पाना,
तिकडचा वारा ऐकत उभा.
रोमिंग त्यांचं होतं, म्हणून मीही ठेवला नाही.

परत आली तेव्हा मडगार्डाखाली राखाडी चिखल,
मागच्या सीटवर लाल तांदळाची पिशवी, माझ्यासाठी.
सवयीनं मीटर बघितलं.
आकडा तोच, यवतेश्वरचा.
केबल माझ्याच भिंतीवर, खिळ्याला.
तेल द्यायला काढली होती.

सर म्हणाले, काटा हलतच नव्हता खरा,
पण आम्हाला तरी कुठं घाई होती.
अक्का म्हणाल्या, वेग कळला नाही तेच बरं.

म्हणजे तिच्या हिशेबानं
ती साताऱ्याबाहेर पडलीच नाही.

आज केबल बसवली.
सरांना चावी द्यायच्या आधी,
नुसतं तपासायला म्हणून,
पोवई नाक्यापर्यंत जाऊन आलो.
तीन किलोमीटर.
पडले मीटरवर.