नाही म्हणायला

संगणक शाळेच्या लिलावातला. आठ मेगाबाइट.
बाजूला अजून चिकटलेलं: जीवशास्त्र, खोली बारा.
चालत होता तसा, पेंगत, पण चालत होता,
आणि त्याचा गाभा काढून नवा घडव
असं मला कुणी सांगितलं नव्हतं.
हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पण लिएपायात जानेवारीत चारलाच अंधारून येतं
आणि आमच्या शहरात ट्रामचा मार्ग एकच:
या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा या टोकाला.
एकवीस वर्षं चालवतोय.
वळू का, असा प्रश्नच रूळ पडू देत नाहीत.

यंत्र मात्र विचारतं.
एकेक ओळ, शेवटी लुकलुकणारा ठोकळा:
होय, की नाही?
दोन प्रोसेसर आहेत का?
हसलो. नाही.
टेपवरून वाचायचंय? नाही.
जॉयस्टिक? नाही.
हौशी रेडिओ?
इथे जरा थांबलो.
सैन्यात, मुर्मान्स्कच्या पलीकडे,
दोन हिवाळे मी कानाला मोर्स लावून बसलो होतो.
अजून कधीतरी सिग्नलला उभं असताना
बोट आपोआप टकटकतं लोखंडावर.
नाही.

करडे वाटाणे निवडावेत तसा निवडत गेलो,
खडे एकीकडे, किडके एकीकडे,
आणि तिसऱ्या तासाला
हाताला नकाराची चटक लागली.
मेहुण्याला, डेपोच्या साहेबाला, दातांच्या डॉक्टरला
जे इतक्या वर्षांत म्हणायचं राहिलं
ते सगळं इथे म्हणून घेतलं.

मग मेक, आणि एंटर.
ओळी पळू लागल्या. डिस्क कुरतडू लागली काहीतरी.
मधूनच ताकीद:
हे चल जाहीर केलंत, वापरलं कुठेच नाही.
असेल बाबा.
माझ्याकडेही आहेत तसली चार-दोन.

पहाटे तीनला नवा गाभा उठला,
दोन श्वास घेतले, आणि गर्भगळीत.
मूळ डिस्क सापडत नाही म्हणाला.
कशी सापडणार?
तिच्या फाइलव्यवस्थेलाच मी नाही म्हणालो होतो.
ज्या फरशीवर उभा होतो
तीच खडा समजून भिरकावली होती.

जुना गाभा शेजारी जपून ठेवला होता, म्हणून निभावलं.
रेनार्सनं तेवढं बजावलं होतं. वय वर्षं सोळा.

वेल्गा आली, लोकरी मोज्यांत.
काही पेटलं का?
नाही.
मग वास कसला?
धुळीचा.
माझा प्रिंटर ओळखेल ना हा नवा?
गुरुवारी तालीम आहे. अल्टोची अठरा पानं छापायचीत.

नाही म्हणायला
एवढा एक प्रिंटर आहे आमच्या घरात,
आणि मी त्यालाही.

ती काही बोलली नाही. खुर्ची ओढून बसली.
पुन्हा पहिल्या प्रश्नापासून.
या खेपेला मी मोठ्यानं वाचत होतो,
उलगडून सांगत होतो लॅटव्हियनमध्ये, जमेल तसं,
आणि ती, वितळलेल्या मेणबत्तीशी चाळा करत,
मधेच म्हणायची: राहू दे ना. जागा किती खाईल?
रेडिओ राहिला. कशाला, विचारू नका.

पाच दहाची पहिली ट्राम माझी.
यंत्र चालू ठेवूनच निघालो.
वाऱ्यानं तारा वाजत होत्या, सांध्यांत बर्फ बसलेला,
मासळीच्या कारखान्यातल्या तिघी नेहमीच्या जागी, डोळे मिटून.
कालव्याजवळच्या थांब्यावर कुणीच नव्हतं.
तरी दार उघडलं.

दुपारी घरी आलो तर वेल्गा तालमीच्या खरेदीला गेलेली.
पडदा काळा, विश्रांतीत.
कीबोर्डवर विजेचं बिल, उलटं,
आणि पाठीवर तिच्या अक्षरात
पडद्यावरची शेवटची ओळ उतरवलेली,
न कळणारी, अक्षर-अक्षर जुळवत,
टिंबं, तिरप्या रेघा, आकडे, सगळ्यासकट.
खाली लिहिलेलं:
अकरा चाळीसला थांबलं. हे चांगलं की वाईट?
बटाटे ओव्हनमध्ये आहेत.