समास

केटरिंगमध्ये जानेवारीत साडेआठ वाजले तरी
उजाडावं की नाही, असा आभाळाचा विचार चाललेला असतो.
अंगात पिवळं जॅकेट, गळ्यात दंडाच्या चिठ्ठ्यांचं यंत्र,
मी अ‍ॅल्मा स्ट्रीटच्या वळणापासून मोजत निघते.
माझी चौदा पावलं म्हणजे दहा मीटर.
माझ्याआधी इथे डेरेक होता, त्याची अकरा.

पुस्तकात लिहिलंय:
नाक्यापासून दहा मीटरच्या आत गाडी उभी करू नये,
नाक्याच्या समोरही नाही,
आखून दिलेली जागा असेल तर गोष्ट वेगळी.
एवढंच. कारण दिलेलं नाही.

कारणं लोकांकडे असतात,
आणि सगळी दोन मिनिटांची.
दोन मिनिटं, आईचं औषध.
दोन मिनिटं, मागच्या सीटवर कुत्रं ओकलंय.
फुलवाल्या मिसेस टॅन्स्लींची दोन मिनिटं
मंगळवारी सुरू झाली, अजून संपायची आहेत.
चारही दिवे लुकलुकत ठेवले
की माणसाला वाटतं, आपण थांबलोच नाही,
फक्त थांबण्याच्या विचारात आहोत.

जिथे दुहेरी पिवळी रेघ, तिथे माझा शब्द चालतो.
पण रस्त्याच्या वरच्या टोकाला,
शाळेकडे वळतात तिथे, रेघच नाही.
रंग मंजूर आहे, ऑफिस सांगतं,
जरा कोरडं पडू दे, एप्रिलात बघू.
तोवर नियम आहे, रेघ नाही,
आणि रेघ नाही तिथे मी
नुसती पिवळ्या जॅकेटातली बाई.

लेनची निळी व्हॅन नेमकी तिथेच.
टपावर शिडी, मागून डोकावणारे पाइप.
"रंग दाखव, लव्ह, लगेच हलवतो," म्हणतो.
वाईट नाही तो. गेल्या फेब्रुवारीत
आमचा बॉयलर त्यानेच जिवंत केला,
आल्याच्या चहाला नाक मुरडलं, पण संपवला,
आणि दहा पौंड कमी घेतले.

खेडच्या शाळेत, पाटी सुटून वही हातात आली त्या दिवशी
टिपणीस बाई पट्टी घेऊन बाकाबाकापाशी फिरल्या.
समास सोडा.
आमच्या घरी कागद मोजून यायचा.
मी म्हटलं, एवढी जागा फुकट?
बाई म्हणाल्या,
मग मी कुठे लिहू?

गुरुवारी सुट्टीवर होते. अंगात साधा कोट, हातात बटाटे.
व्हॅनच्या पुढून आधी स्कूटरचं चाक बाहेर आलं,
मग शार्क रंगवलेलं हेल्मेट,
मग त्याच्या खाली ऑस्कर, वय वर्षं सहा.
त्याला गाडी दिसली नव्हती.
गाडीला तो.
ब्रेकचा आवाज मी अजून नीट सांगू शकत नाही.
काही झालं नाही.
कुठे नोंदवावं असं काहीच झालं नाही.
बटाटे उतारावरून गटारापर्यंत गेले,
ऑस्करने त्यातले तीन आणून दिले.

दारात लेन उभा होता, हातात पाना.
बराच वेळ पान्याकडेच बघत राहिला.
मग म्हणाला, "किती म्हणालीस?"
मी म्हटलं, चौदा.

व्हॅन सुरू करण्याआधी त्याने वळणापासून मोजली,
आपल्या त्या भल्याथोरल्या बुटांची चौदा पावलं,
मोठ्याने, पोर पाढे म्हणतं तशी.
फारच पुढे गेला.
पावलं माझी मोजायची होती,
हे मी सांगितलं नाही.

संध्याकाळभर तो कोपरा रिकामा होता.
नाक्यावरून थेट शाळेचं फाटक दिसत होतं,
फाटकाला अडकवलेला, कुणाचा तरी विसरलेला
एक लाल हातमोजा सुद्धा.

आज सकाळी तिथे एक पांढरी गाडी.
आत कुणी नाही. चारही दिवे लुकलुकताहेत.
मी वळणाशी जाते,
टाच दगडाला टेकवते.
एक.