सोवेतबेकचे पाच डबे

सोवेतबेकच्या ट्रकमध्ये पाच डबे असायचे,
पत्र्याचे, पोचे आलेले.
त्यांवर खडूनं लिहिलेले आकडे
खिंडीतल्या बर्फानं कधीच पुसून नेले होते.
जूनमध्ये मेंढ्या सोन-कोलच्या कुरणावर चढल्या
की त्यांच्या मागोमाग तोही चढायचा, हॉर्न वाजवत.

दोन युर्तांच्या मध्ये चादर ताणायची.
चादर आमच्याच घरची. एका कोपऱ्याला
आईनं लावलेलं जाड ठिगळ,
त्यामुळे सिनेमातल्या आकाशाचा एक तुकडा
कायम पावसाळी.

जनरेटर खोकायचा. कुत्री भुंकून भुंकून थकायची.
मग समुद्र यायचा.

दर वर्षी तोच सिनेमा.
एक पोरगा, तोलोगोनसारखे पसरट कान,
त्याचा आजा, जाळी विणणारा.
ते रशियनमध्ये बोलायचे, सोवेतबेक
कुमिसचा वाडगा हातात धरून आमच्या भाषेत सांगायचा
आणि पदरचंही घालायचा:
"आजा म्हणतोय, रात्री मेंढ्या मोजून घे."
समुद्रावर मेंढ्या कुठून, हे कुणी विचारलं नाही.

रिळांचा क्रम त्याला कधी लागला नाही,
किंवा त्यानं लावला नाही.
आमच्या सिनेमात पोरगा आधीच आगगाडीत चढायचा
नवे बूट घालून.
मग पहिली सिगारेट, ठसका.
मग ती लांब वेणीची मुलगी, मागं न बघता पूल ओलांडणारी
(इथं कानिकेई दर वर्षी ओरडायची, बघ ना गं एकदा!).
मग आजा मरायचा.
वाळूवर पालथी घातलेली होडी, चार माणसं, टोप्या हातात.
डबा बदलायचा.
चादर नुसती पांढरी, वर पतंगांच्या सावल्या.

आणि शेवटच्या रिळात आजा दारात बसलेला,
तोंडात सुतळी, पोराला सांगतोय,
गाठ अशी नाही, अशी.
पोरगा वीतभर लहान झालेला. पुढचे दोन दात पडलेले.
कुणाला नवल वाटायचं नाही.
मोठं होणं असंच असणार:
जायचं, ठसका लागायचा, रडायचं,
मग बोळकं घेऊन उंबऱ्यापाशी परत.

मी नऊ वर्षांची असताना
दोलोनच्या खिंडीनं माझ्या बापाला ठेवून घेतलं.
माणसं फक्त खोगीर घेऊन आली.
मी रडले नाही.
आत्या म्हणाली, पोरगी आहे की दगड.
तिला कसं सांगणार, डबा बदलतायत म्हणून.
मार्चपर्यंत मी त्याचे लोकरी बूट चुलीजवळ शेकत ठेवले.

जूनमध्ये ट्रक आला. तीच चादर, तेच ठिगळ.
आजा दारात येऊन बसला, सुतळी तोंडात धरली
आणि मी उठले,
सगळ्यांच्या डोक्यांवर माझी सावली पाडत
चादरीच्या मागे गेले.
मागून आजा डावरा दिसत होता.
बाकी गवत. उभ्यानं झोपलेले घोडे.
थंडी.

काल एर्निसनं तो सिनेमा शोधून दिला,
फोनवर, बिश्केकच्या चौथ्या मजल्यावर,
लखलखीत, एकही ओरखडा नाही.
आधी गाठ. मग पूल.
मग पालथी होडी, आणि ती पालथीच राहिली.
शेवटी आगगाडी, धूर, धुरावर नावं.
"संपला, आजी."

मी परत परत आकाशाचा कोपरा बघत होते.
दारात एर्निसचे नवे बूट होते, डबीतून नुकते काढलेले.
सकाळी कझानची गाडी.

मी म्हटलं, यात क्रम चुकलाय रे.
तो मोठ्यांदा हसला,
आणि मला त्याचे सगळे दात दिसले,
जागच्या जागी.