चौथा रिव्हेट

शिरोलीत, फाउंड्रीच्या मागच्या पत्र्याखाली
चार जुने गर्डर ठेवलेत ओंडक्यांवर,
दावणीला बसलेल्या म्हाताऱ्या म्हशींसारखे.
कुठल्या पुलाचे, कुणी सांगत नाही.
पोटाशी अजून पुराच्या गाळाची रेघ आहे.

इंगवले मिस्त्री हातोडी देतात, पाव किलोची.
"बघू नगं. पयलं ऐक."
घट्ट रिव्हेट टण्ण बोलतो,
सैल झालेला बद्द.
मी सत्तेचाळीस ठोकले. तीन बद्द निघाले.
"चार हाईत," ते म्हणाले, कपातल्या चहाकडं बघत.

दुपारी लाल रंग लावला, पुसला,
वर पांढरी पूड फवारली, दहा मिनिटं थांबलो.
डागडुजीच्या वेल्डला चिकटून
केसाएवढी लाल रेघ वर आली.
आणि रेघेच्या टोकाला भोक.
गोल, मुद्दाम पाडलेलं.
शेजारी पिवळ्या रंगात पुसट तारीख,
नावाची नुसती दोन अक्षरं.

म्हणजे कुणीतरी दोरावर लोंबकळत,
खाली पाणी,
भेगेच्या पुढ्यात जाऊन
एवढंसं भोक पाडलं होतं.
भेग तिथंच थांबली.
वरून उसाच्या ट्रॉल्या गेल्या,
एसटीत पेंगणारी माणसं गेली
थेट आपापल्या स्टॉपपर्यंत.

साडेपाचचा भोंगा झाला.
पोरं गाड्या काढून हायवेला लागली.
मी अजून गर्डरखाली. टण्ण. टण्ण.
मिस्त्री गेटपर्यंत जाऊन परत येतात,
काही बोलत नाहीत,
गुडघे मोडून बसतात
आणि बॅटरी धरतात.