तारीख आठवत नाही

मी तुमची वकील आहे, मेझियान,
म्हणून मी तुमच्याशी बोलू शकत नाही.

फाइल उघडण्याआधी भेटलो होतो,
एकदाच, चाळीस मिनिटं.
तुम्ही चहात साखर ढवळत राहिलात, प्यायलात मात्र नाही.
"कशासाठी धरलंय, एवढं तरी कळेल का?"
मी म्हणाले, कळलं तर ते मला कळेल.

मग लंडनच्या त्या तळघरात
माझा फोन काढून घेतला, घड्याळही,
आणि सही करून घेतली.
त्या सहीपासून तुमच्याशी हवापाण्याचंही बोलायचं नाही.

तुमच्या वाट्याला त्यातला एक कागद आला.
दीड ओळ दिसते, बाकी डांबर:
'संशयित व्यक्तींशी संबंध.'
कोण, कुठे, कधी – डांबर.
वस्सीलाने म्हणे तो कागद खिडकीच्या काचेला लावून पाहिला,
उजेडातून काही झिरपतं का.

घोट्यावर पट्टा. संध्याकाळी सहा ते सकाळी दहा घर.
रोज रात्री कंपनीला फोन: "मी आहे."
सात वर्षांची इनास रिसीव्हरला तोंड लावून: "आहे, आहे."

तुम्ही मला लिहू शकता.
उत्तराला बंदी आहे.
प्रश्न माहीत नाही, म्हणून तुम्ही सगळीच उत्तरं लिहिलीत.
त्र्याऐंशी पानं, निळी शाई, फ्रेंच, घाई झाली की अरबी.
कुणाला किती उसने दिले.
न्हाव्याचं नाव.
मशिदीत चपला कुणाच्या चपलांशेजारी काढल्या.
ओरानमधल्या मावसभावाच्या लग्नात कोण नाचलं, कोण रुसलं.
आणि पिशव्या. आजवर हातात धरलेली प्रत्येक पिशवी.
'शेफील्ड स्टेशनसमोर एकाला दिली. त्याच्या आईसाठी खजूर
आणि गुडघ्याचं मलम. मार्च असावा. तारीख आठवत नाही.'
'बटाटे, पाच किलो, बंद फाटला.'
'इनासचे लंगोट.'

अंधारात दगड भिरकवावेत
तसं आयुष्य भिरकावलंत, एखादा तरी लागेल म्हणून.

लागला का?
ते मी इथेही लिहिणार नाही.
कोणतं पान अकरा वेळा वाचलं, तेही नाही.
एवढंच, की मी परवानगी मागितली
तुम्हाला एक प्रश्न विचारायची. तीन शब्दांचा.
सरकारी वकील, भला माणूस, कुत्र्यांवर जीव असलेला,
म्हणाला: प्रश्न कळला तर गुपित कळेल.
न्यायाधीशांनी चष्मा पुसला. नाकारलं.

तुम्ही निर्दोष आहात असं मी म्हणत नाही.
मला माहीत नाही.
माहीत करून घ्यायची एक जुनी रीत आहे,
विचारायचं, आणि समोरचा बोलेपर्यंत थांबायचं.
शाळेतल्या फुटलेल्या काचेसाठीसुद्धा आम्ही ती पाळायचो.

त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये
तुम्ही माझा चेहरा वाचत उभे होतात,
ऑपरेशन थिएटरबाहेर डॉक्टरचा वाचतात तसा.
मी तो आधीच घडी घालून ठेवला होता.
मागून इनास: "ही बाई आपली आहे ना?"
तुम्ही काय म्हणालात, त्याआधी दार लागलं.

गेल्या गुरुवारी, रात्री पावणेदहाला, स्टेशनसमोर
शेजारच्या विनिफ्रेडबाईंना मी एक पिशवी दिली.
मांजराचं औषध, दोन कांदे, एक बल्ब.
रस्त्यापलीकडे एक गाडी उभी होती, दिवे बंद.
कुणाची तरी वाट पाहत असेल.

घरी येऊन मी पावतीवर तारीख पाहिली,
शाईने पुन्हा गिरवली,
आणि बिस्किटांच्या डब्यात टाकली, बाकीच्या पावत्यांवर.
झाकण आता दाबून लावावं लागतं.