ट्रान्सफॉर्मरचा सूर

फिलोमिनानं कॅम्पातून पाकीट पाठवलं,
पोराच्या हाती, मोटारसायकलवरून.
कुस्तोदियोच्या तारा, न फोडलेल्या.
वर चिठ्ठी: ह्यांच्या कपाटात निघाल्या,
वाजवणारे आता तुम्हीच उरलात.

फोडून बघतो तर लीड गिटारच्या.
केसाएवढ्या बारीक, सहा.
माझ्या बेसला चार लागतात,
त्याही सुतळीएवढ्या.
सगळा जन्म वाजवणाऱ्याच्या घरात काढून
बाईला फरक कळला नव्हता.
तसा तो कुणालाच कळत नसे.

पण पाकीट परत कसं करायचं?
म्हणून शिडी लावली.

माळ्यावर, मोडक्या रहाटाच्या मागं,
मालनच्या विटक्या लुगड्यात गुंडाळलेला,
एकोणीस वर्षं.
तारांच्या ओढीनं मान पुढं वाकलेली.
ठेवताना सैल करायला हव्या होत्या.
तेव्हा वाटलं होतं, येत्या सोमवारी काढीनच.

त्या सोमवारी ऑर्केस्ट्रात
नवा कीबोर्ड आला होता.
बसवराजनं खुर्च्या मोजत, माझ्याकडं न बघता सांगितलं,
हा पोरगा डाव्या हातानं बेस देतोय रे.
देत होता, खरंच. वाईटही नव्हता देत.
मी वडगावला परत आलो, मागावर बसलो.

बोटं आता मऊ झालीत म्हणावं तर तसंही नाही.
गाठ मारायच्या जागी घट्टे आहेत.
तार दाबायच्या जागी
सोललेल्या बटाट्यासारखी कातडी.
पहिल्या दहा मिनिटांत फोड.

सूर जुळवायला फोनवर काहीतरी मिळतं म्हणे.
मी दार उघडलं.
गल्लीच्या तोंडाशी खांबावर ट्रान्सफॉर्मर,
रात्रंदिवस घूंऽऽ करत उभा.
आमचे खोके वाहणारा इराप्पा सांगायचा,
अण्णा, करंटचा आवाज म्हणजे
तुमच्या जाड तारेवरचा तिसरा फ्रेट,
केसभर चढा.
कुठं शिकला होता कोण जाणे.
शाळेत तर तो माझ्याहून कमी गेलेला.

तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं. पिळत गेलो खुंटी.
दोन आवाज एकमेकांना घासू लागले,
व्हंव, व्हंव, व्हं…व, व्हं……व,
आणि घासायचे थांबले.

निपाणीला आधी मराठी गाणं लागायचं,
गोकाकला आधी कन्नड.
खानापुरात कमिटीचा माणूस
वहीत दोन रकाने आखून बसायचा,
एक इकडचं, एक तिकडचं,
एखादं जास्त झालं की स्टेजमागं बोलाचाली.
बसवराज दोन्हीकडं डोळे मिटून गायचा.
माझा रकाना कुणी आखला नाही.
एकदाच, घटप्रभेला, माझी वायर तुटली
तेव्हा नाचणारी पोरं थांबून
एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली.
काय गेलं ते त्यांना सांगता येईना.
त्या रात्री घरी येताना मी टेम्पोत हसत होतो.

अँप नाही. तो विकून मालनचे दात केले.
पोराचा जुना स्पीकर जोडला,
तो खाकरतो, खालचा सूर त्याच्या गळ्यात बसत नाही.
चालू दे.
एकच चाल येते आठवणीत, तीही अर्धी,
चौथ्या मात्रेनंतर हात रिकामा लोंबतो.
परत. परत पहिल्यापासून.
मालननं दुसऱ्यांदा विचारलं नाही, चहा थंड झाला.

आणि करंट गेला.

सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले.
इतकं शांत झालं की
पाण्याच्या टाकीत थेंब पडल्याचा आवाज आला.
स्पीकर मेला. खांबावरचा मास्तरही गप्प.
अंधारात मी हनुवटी
बेसच्या लाकडी शिंगावर टेकवली
आणि जाड तार छेडली.

बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं.
आत, दाढांच्या मुळाशी, कवटीच्या तळाशी
ते उमटत होतं,
जणू कुणी लांब मळ्यात मोटर चालू केली.

काय ऐकालाय हो त्यात, मालन म्हणाली
मेणबत्ती घेऊन.
मी तिचा हात धरून तिची हनुवटी खाली टेकवली.
ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली.
मग म्हणाली, दात हलतात की हे!

वीज आली तेव्हा ट्रान्सफॉर्मर पुन्हा सुरू झाला.
मी उतरलो होतो, जरासा.
खुंटीला हात लावला नाही.