दीड सूत आत

चौथीत घोरपडे बाईंनी सांगितलं, एकोणसत्तर लिही.
सत्तर ऐकू आलं म्हणून सात मांडला,
एकोण म्हणजे नऊ असणार, म्हणून शेजारी नऊ.
वर्ग हसला.
बाई वाईट नव्हत्या. एवढंच म्हणाल्या,
"असू दे. सगळ्यांचं डोकं गणिताचं नसतं."

ते वाक्य मी घरी आणलं,
दप्तरात, डब्याच्या खाली.
आईनं ते मावशीला दिलं, मावशीनं पुढं.
बघायला पाहुणे आले कवठेमहांकाळचे, तेव्हा
वडीलच म्हणाले, शिवण येतं पोरीला,
हिशेबाचं तेवढं विचारू नका.
सगळे हसले. मीही हसले,
त्यात आपलं काहीतरी कौतुक असल्यासारखी.

मग गावभागातलं दुकान, तीस वर्षं.
मापं मी घेते, पैसे हे मोजतात.
सुटे द्यायची वेळ आली की गिऱ्हाइकाला सांगते,
तुम्हीच बघा हो, माझं कच्चं आहे.

पुराच्या वर्षी अख्खा गावभाग एकच विचारत होता,
आयर्विनला किती फूट झालं?
मी चौकटीवर खडूनं खुणा करत बसले.
तासाला चार बोटं चढतंय.
उंबऱ्याला उरली अठरा.
रात्रीचे दहा वाजले होते. म्हटलं, अडीच.
मशीन माळ्यावर चढवलं, ओव्हरलॉक चढवलं,
अस्तरांचे गठ्ठे, लोकांचे अकरा ब्लाऊज.
अडीचला पाणी आत आलं.
हे म्हणाले, नशीब.
मीही म्हटलं, नशीब,
आणि कृष्णामाईला नारळ दिला.

परवा मुल्लांची शाहीन आली, दहावीतली.
घेरदार फ्रॉक हवा होता, अंब्रेला कट.
अठ्ठावीस कंबर. कापडाची चौघडी घातली
आणि नेहमीसारखी पुटपुटले,
सहानं भाग, पावणेपाचाला जरा कमी,
मग दीड सूत आत.
ती स्टुलावर, मांडीवर भूमितीचं पुस्तक.
"मामी, दीड सूत आत का?"
"नाहीतर कमरेतून गळतो."
"कुणी शिकवलं?"
"कोण शिकवणार? सहा-सात फ्रॉक बिघडवले."
तिनं कागदावर गोल काढला,
बावीस लिहिले, खाली सात,
आणि मग बराच वेळ तिची पेन्सिल
आणि माझा पंखा, एवढाच आवाज.
"मामी, पुस्तकातलं पण तिथंच येतंय.
तुमच्या खडूच्या रेघेएवढा फरक आहे फक्त."

आनंद बिनंद काही झाला नाही.
आधी राग आला. कुणाचा ते कळेना.
बाई तर केव्हाच गेल्या.
कात्री ठेवली आणि चौकटीकडं बघत राहिले.
रंग दोनदा दिला तरी त्या खुणा
तिरपं ऊन आलं की दिसतात,
चार-चार बोटांवर, सरळ,
माझ्याच हाताच्या.

काल कापडपेठेत गेले होते.
साडेतीन मीटर, एकशे ऐंशीनं.
शेठनी सहाशे साठ सांगितले, बिल फाडायला घेतलं.
माझ्या तोंडातून निघून गेलं, सहाशे तीस.
कानशिलं तापली.
चौथीचा अख्खा वर्ग मागं उभा आहे असं वाटलं,
आता हसेल.
शेठनी बोटं मोडली, ओठ हलवले.
"बरोबर हो वहिनी," म्हणाले,
आणि पिशवी पुढं केली.
एवढंच. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

एकोणसत्तरला अजून अडखळते.
पण एकोण म्हणजे नऊ नव्हे, एक उणा,
हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.
आता सत्तर मनात धरते
आणि एक पाऊल आत घेते,
कापडावर घेते तसं.

शाहीनचा फ्रॉक शनिवारी द्यायचाय.
शिलाईचं मी सांगणार आहे.